भंडाऱ्यातलं परदेश

मी इंग्लंडमध्ये शिकते आहे असं माझे आईबाप समजत होते, तेव्हाचे शेवटचे दोन महिने मी भंडाऱ्यात राहत होते. आमचं गाव बपेरा, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. भंडाऱ्याहून सकाळची तुमसर गाडी धरली आणि तिथून पुढची मिळाली की दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं. ते दोन महिने मी ती गाडी धरली नाही. रोज संध्याकाळी मात्र घरी फोन केला, आणि इकडे थंडी आहे म्हणून सांगितलं.

हे सगळं लिहून काढायला मला बराच वेळ लागला. गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी नीट सलग असं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गावात मी फॉर्म भरणारी पोरगी होते. धानाच्या विक्रीची नोंदणी, जातीचा दाखला, कुणाच्या मुलीचा नर्सिंगचा अर्ज, जे काय ऑनलाइन असेल ते लोक कागदांच्या पिशव्या घेऊन आमच्या घरापुढच्या छपरीत यायचे आणि मी मोबाईलवर भरून द्यायचे. बाबा म्हणायचे, "विचारा तिले, तिले सगळं समजते." मला ते आवडायचं. एम.एस्सी.च्या पुढे बाहेर जाऊन मातीचा आणि पाण्याचा अभ्यास करायचा, असा अर्जही मी माझा मीच भरला. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ झालं, सरपंचांनी भाषण केलं, माझा फोटो काढला. निघायच्या आदल्या दिवशी मायनं मला एकच विचारलं.

"तिथं तुह्या सोबतीले कोण राहीन?"

"कोणी नाही. तिथं सगळे आपापलं करतात."

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. माय लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत राहिली.

विद्यापीठाचं वसतिगृह म्हणजे आपल्याकडच्या वसतिगृहासारखं नव्हतं. मेस नाही, वॉर्डनबाई नाहीत, हजेरी नाही. एका मजल्यावर सहा खोल्या, सहा जणांना मिळून एक स्वयंपाकघर. दार कार्डानं उघडायचं. माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीला लागून एक हीटर आणि पूर्ण न उघडणारी खिडकी. पहिल्या दिवशी मी दार लावलं आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशा खोलीत होते जिथं मी बोलावल्याशिवाय कुणी येऊ शकत नव्हतं.

शिकण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी भराभर शिकले. कोणता कचरा कोणत्या डब्यात, कपड्यांचं मशीन कधी रिकामं असतं, आजारी पडलं तर कुठं नाव नोंदवायचं, बस थांबवायला हात करावा लागतो हेसुद्धा. फ्रिजमध्ये माझा कप्पा खालून दुसरा होता, आणि दुसऱ्याच्या कप्प्यातलं लिंबूही घ्यायचं नाही हे मला तिसऱ्या दिवशी एका मुलीनं हसत हसत पण नीट समजावलं. ओटा पुसायची पाळी भिंतीवर लावलेली होती. माझी पाळी मी कधी चुकवली नाही. इतर चुकवायचे, त्यांचीही मी करून टाकायचे. फोनवर मी मायला हे सगळं सांगायचे आणि ती मागे बसलेल्या बायांना मोठ्यानं सांगायची, "पाणी तापवाव लागत नाही म्हणते, नळालेच गरम येते."

जे जमलं नाही ते एवढंच, की वर्गात मला काही समजायचं नाही आणि मी विचारायचे नाही.

समजायचं नाही म्हणजे इंग्रजी समजायचं नाही असं नाही. शब्द समजायचे. पण तिथं प्राध्यापक काही सांगून मोकळे व्हायचे आणि उरलेलं आपण शोधायचं, वाचायचं, त्यावर आपलं मत द्यायचं. माझं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. नागपूरला मी नोट्स पाठ करून पहिली आले होते. बाकीची मुलं सरळ हात वर करून विचारायची, "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा." ते ऐकूनच माझी कानशिलं गरम व्हायची. मी बपेऱ्याची ती पोरगी होते जिला सगळं समजतं. मी कशी विचारू?

पहिला मोठा निबंध मी मला येत होतं तसा लिहिला. पुस्तकांतली चांगली चांगली वाक्यं घेतली, एकाखाली एक मांडली, कुठून घेतली ते लिहिलं नाही. आमच्याकडे तसंच करायचे, आणि चांगल्या अक्षराचे वेगळे गुण मिळायचे. दोन आठवड्यांनी ईमेल आला. माझं लिखाण दुसऱ्यांचं आहे असं दिसतं, त्याबद्दल बोलायला अमुक दिवशी अमुक खोलीत या, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, असं त्यात होतं.

आता वाटतं, तो ईमेल खरं तर चांगला होता. त्यात लिहिलं होतं की पहिल्याच वर्षी बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांकडून असं होतं, घाबरू नका. मी तो अर्धाच वाचला. चोरी एवढा एकच शब्द मला दिसत होता, जो त्यात कुठं लिहिलेलाही नव्हता. त्या दिवशी मी आंघोळ केली, बॅग घेतली, त्या इमारतीपर्यंत गेले. काचेच्या दारातून आत दोन बाया बसलेल्या दिसल्या, पुढ्यात चहाचे कप होते. मी वळले आणि नदीकडे चालत गेले.

त्यानंतर मी वर्गात गेलेच नाही. पण शेजारच्या खोल्यांतल्या मुलींना कळू नये म्हणून सकाळी नऊला बॅग घेऊन निघायचे. नदीच्या काठानं चालायचे, ग्रंथालयात तळमजल्यावर बसायचे, चारला परत यायचे. थंडीत तिथं चारलाच अंधार पडतो. स्वयंपाकघरात कुणी विचारलं, कसा गेला दिवस, तर म्हणायचे, चांगला. ईमेल येत राहिले. मी उघडत नव्हते, फक्त आकडा वाढताना बघत होते. एकदा कुणीतरी विद्यापीठातून दारावर टकटक करून गेलं, माझं नाव घेऊन. मी पलंगावर श्वास रोखून बसले. दाराखालून एक कार्ड आत सरकवलं गेलं, त्यावर फोन नंबर आणि हातानं लिहिलेलं एक वाक्य होतं की फक्त बोलायचं असेल तरी चालेल. ते मी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मायला मी तेव्हाही सगळं ठीक आहे म्हणून सांगायचे. खोटं बोलते आहे असं वाटायचंही नाही. मी उठत होते, जेवत होते, कपडे धूत होते. खरंच सगळं स्वतःचं स्वतः करत होते.

शेवटी कागदाचं पत्र आलं. माझं नाव कमी केलं होतं, व्हिसा संपणार होता, खोली सोडायची तारीख दिली होती. मला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. खोली स्वच्छ करायची आहे एवढंच डोक्यात आलं. तीन दिवस मी ती घासली. हीटरच्या मागची धूळ काडीला कापड गुंडाळून काढली. खोली तपासायला आलेली बाई पन्नाशीची होती. हातातल्या यादीवर खुणा करत फिरली, पलंगाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, यावर्षी बघितलेल्या खोल्यांत ही सगळ्यात स्वच्छ. मग माझ्याकडे बघून थांबली. "सगळं ठीक आहे ना गं?" अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो, घरी चालले आहे. सहा महिन्यांत कुणालाही मी सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती, आणि तीही पुढे खरी ठरली नाही.

नागपूरला उतरले तेव्हा एप्रिल लागला होता. विमानतळाबाहेर ऊन तोंडावर आलं. घरी काय सांगायचं ते विमानात ठरवलं होतं, पण एसटीत बसल्यावर एकेक वाक्य गळून पडत गेलं. भंडाऱ्याला गाडी बदलायला उतरले. तुमसरची गाडी लागलेली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी बॅग घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. एक म्हातारी म्हणाली, "चढ ना वं बाई, वाट काहून अडवून राहिली?" मी बाजूला झाले. ती गाडी गेली. दुसरी लागली, तीही गेली. तिसरी गेली तेव्हा ऊन कललं होतं. स्टँडच्या समोरच्या विजेच्या खांबावर एक पाटी होती, मुलींसाठी खोली भाड्याने मिळेल. मी तिथल्या नंबरवर फोन केला.

घरमालकीण एकटी बाई होती, अंगणवाडीतून रिटायर झालेली. वरच्या दोन खोल्यांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली राहायच्या, तिसरी रिकामी होती. मी स्पर्धा परीक्षेसाठी आले म्हणाले. गाव विचारलं तर गडचिरोलीकडचं एक सांगितलं, लांबचं. "मंग सुट्टीत बी जाणं होत नसन," ती म्हणाली. मी मान हलवली. ती खालच्या मजल्यावर शेजारची पाच-सहा पोरं शिकवणीला घ्यायची. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर तिनं ती माझ्याकडे दिली आणि त्यात माझं राहणं-जेवण निघून जायचं.

घराच्या मागच्या गल्लीत पितळी भांड्यांची दुकानं होती. सकाळी दहापासून ठोकण्याचा आवाज सुरू व्हायचा तो संध्याकाळी थांबायचा. त्यामुळे फोन मी साडेसातनंतर करायचे. तिकडचा नंबर बंद पडला होता, पण ज्या अॅपवरून मी बोलायचे ते त्याच नंबरावर चालत राहिलं, त्यामुळे मायच्या फोनवर माझा तोच तिकडचा फोटो आणि तोच नंबर दिसायचा. खिडकी लावायचे, पंखा बंद करायचे, कारण तिकडे पंखे नसतात हे मीच तिला सांगितलं होतं. घामानं कुर्ता पाठीला चिकटायचा आणि मी सांगायचे, आज पाऊस होता, स्वेटर घालून गेले.

"व्हिडिओवर ये ना वं, किती दिवस झाले तुले पायलं नाही," माय म्हणायची.

"नेट नाही पुरत."

"हो ना बाप्पा, इकडे बी तेच आहे."

एकदा बोलता बोलता रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली, "वांगे घ्या वोऽ, टमाटे घ्या वोऽ." माय थांबली.

"हे कोण वं?"

"काही नाही, मोबाईलवर लावलं होतं. गावची आठवण येते म्हणून."

ती हसली नाही. "लवकर शिकून ये बाई," म्हणाली. मी फोन ठेवला आणि खिडकी उघडून पंखा लावला.

दिवसा बाहेर जाताना स्कार्फ बांधायचे. उन्हात सगळ्याच मुली डोळे तेवढे उघडे ठेवून बांधतात, त्यामुळे कुणाला वेगळं वाटायचं नाही. तुमसरकडचे लोक जिल्ह्याच्या कामाला भंडाऱ्याला येतातच. एकदा बाजारात आमच्या गावचा एक माणूस माझ्या बाजूनं गेला, ज्याच्या मुलाचा फॉर्म मी भरला होता. त्याच्या चपलांकडे बघत मी उभी राहिले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी फोनवर सांगितलं की मायच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत होता, एक जास्त पिकला होता. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात, परवा. "तू टेन्शन नोको घेऊ," बाबा म्हणाले. "लहानसं काम असते. एक रात्र ठेवते अन् सोडते." मागून मायचा आवाज आला, "तिले काहून सांगून राहिले? ते तिकडे घोर करत बसन."

माझ्या खोलीपासून दवाखाना पायी वीस मिनिटांवर होता.

जायचं नाही असं मी ठरवलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मुलांना व्याकरण शिकवताना फळ्यावर तीनदा चुकलं, तेव्हा त्यांना सुट्टी दिली आणि निघाले. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीजवळ झाडाखाली उभी राहिले. दुपारी बाराच्या सुमारास बाबा बाहेर आले. खांद्यावर तोच चौकड्यांचा दुपट्टा, हातात रिकामी बाटली आणि औषधाची चिठ्ठी. ते वाळले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत ते मेडिकलच्या दुकानांकडे गेले, आणि मी आत गेले.

बायकांच्या वॉर्डात ओळीनं खाटा होत्या आणि बहुतेकींच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. माय खिडकीजवळ बसली होती. पाय खाली सोडून पायानंच चपला शोधत होती. दुसऱ्या डोळ्यानं तिला धुरकट दिसायचं, ते मला माहीत होतं. मी खाटेच्या शेवटाला जाऊन उभी राहिले. स्कार्फ काढायला हात वर गेला होता. तेवढ्यात तिनं माझ्या दिशेनं मान वळवली.

"बाई, जरा हात देतेस का? बाथरूमकडे जाचं आहे. आमचे बुवा दवाई आणाले गेले."

मी हात दिला. तिनं धरला. तिचा हात तसाच होता, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. ती माझ्या हाताला घट्ट धरून एकेक पाऊल टाकत होती.

"कोन्या गावची वं तू?"

मी बोलले असते तर आवाज तिनं ओळखला असता. मी काही बोलले नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी नुसती मान हलवली, ती तिला दिसली नसेल कदाचित. ती थोडी थांबली आणि तिचा आवाज एकदम हळू झाला.

"बोलता नाही येत का वं माय तुले? राहू दे, राहू दे."

तिला आत सोडून मी दाराबाहेर उभी राहिले. परत येताना ती आपलीच सांगत होती, मुक्या माणसाशी आपण जसं जरा मोठ्यानं बोलतो तसं. "माही पोरगी बी तुह्याएवढीच आहे. बाहेरदेशात शिकते. ते असती त मले दुसऱ्याच्या लेकराले तरास द्याव लागला नसता." खाटेवर बसल्यावर तिनं चाचपडत माझ्या डोक्यावर, स्कार्फवरून हात फिरवला. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मुकी आहे का? चांगल्या मनाची दिसते बिचारी." मी वॉर्डातून बाहेर पडले. दारात बाबा आत येत होते. त्यांच्या हातातल्या पिशवीचा धक्का माझ्या कोपराला लागला. ते "जाऊ द्या, बाई" म्हणाले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी ते दोघे गावी गेले. संध्याकाळी फोन बाबांनीच केला. ऑपरेशन चांगलं झालं, पट्टी निघाली, भिंतीवरचं कॅलेंडर दिसते म्हणते, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दवाखान्यात एक मुकी पोट्टी होती. लय मदत केली तुह्या मायले. ते कालपासून तिचंच नाव घेऊन राहिली. आज दिवा लावला अन् देवाले म्हणे, त्या लेकराले वाचा दे."

मी कॉल कट केला. नेट गेलं असं त्यांना वाटलं असेल.

सकाळी घरमालकिणीला चावी दिली. तिला मी खरं गाव सांगितलं, दारातच, उभ्या उभ्या. ती बघतच राहिली. "बपेरा? अवो, आमची भाची दिली आहे तिकडे," एवढंच म्हणाली. पहिल्या गाडीनं निघाले.

घरी पोचले तेव्हा बाबा धानाच्या बांधीवर शेणखत टाकायला गेले होते. माय छपरीत बसली होती, दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा लावून. पायऱ्यांवर बॅग ठेवल्याचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. आधी तिला आनंदच झाला. उठायला लागली, "असी कसी आली वं, न सांगता, बाप्पा, वाळून गेली किती," असं काय काय म्हणत. मी तिला बसवलं आणि तिच्यासमोर खाली बसून सांगितलं. निबंध, ईमेल, काचेचं दार, नाव कमी झालं ते, भंडाऱ्यातली खोली. ती ऐकत होती. मध्ये फक्त एकदा म्हणाली, "नापास होते माणूस. तुह्या बाबाचा भाऊ तीनदा नापास झाला होता." मला वाटलं, झालं. मग मी दवाखान्याचं सांगितलं.

तिनं चष्मा काढून पदरानं डोळ्याखाली पुसलं, ज्याला डॉक्टरांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

"तू होती ते?"

"हो."

"मी आंधळी होतो म्हणून तू मुकी झाली का?"

मी तिच्या पायांना हात लावायला गेले. तिनं पाय आत घेतले.

बाबा आले तेव्हा मायनंच त्यांना सांगितलं, चार वाक्यांत. ते अंगणात पाय धूत होते. ते बराच वेळ पाय धूत राहिले. मी म्हटलं, सध्या लोकांना सुट्टीवर आली म्हणून सांगू. त्यांनी बादली पालथी घातली. "नाही. नापास झाली, वापस आली. जे आहे ते." त्या संध्याकाळी ते स्वतः पानठेल्यावर गेले आणि कुणी विचारायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं. परत येऊन जेवले नाहीत.

गावानं फार छळलं असं नाही. एक-दोघी बाया म्हणाल्या की इंग्रजांचं पाणी मानवलं नाही. काही जण उगाच येऊन बसून गेले. पण फॉर्म घेऊन कुणी आलं नाही. पिशव्या घेतलेले लोक आमच्या घरावरून पुढे, चौकातल्या नव्या ऑनलाइन दुकानात जायचे. शिष्यवृत्तीच्या कार्यालयाशी जो पत्रव्यवहार करावा लागला ते वेगळंच प्रकरण आहे, ते अजून संपलेलं नाही.

माय माझ्याशी महिनाभर बोलली नाही. ताट वाढायची, पण वाढताना नाव घ्यायची नाही. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे होते. मी बाटली हातात घेतली की म्हणायची, माझ्याकडे न बघता, बाबांना उद्देशून, "सांगा तिले, मी टाकतो." मान वर करून आपल्या हातानं टाकायची. अर्धे थेंब गालावरून ओघळायचे. मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघायचे आणि मला हलायची हिंमत व्हायची नाही.

धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला वाकायची आणि चिखलाच्या पाण्यात उतरायची मनाई केली होती. तिच्या जागी मी बायांच्या ओळीत उतरले. मी अनेक वर्षं रोवणी केली नव्हती. नागपूर, मग परदेश, त्याआधी अभ्यास. बाकीच्या बाया गाणं म्हणत मागे सरकायच्या आणि माझा तुकडा पुढे उरायचा. कंबर मोडायला आली होती. माय शेताच्या कडेला धुऱ्यावर काळा चष्मा लावून बसली होती. दुपारच्या सुमारास तिचा आवाज आला.

"दाट लावून राहिली. मोकळं लाव."

मी वर पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. पण ओळीत माझ्याशिवाय दाट लावणारं कुणी नव्हतं. मी उपटून पुन्हा लावलं.

तेव्हापासून बोलते. पहिल्यासारखं नाही. माझ्याबद्दल मायला जे वाटायचं त्यातलं काय गेलं आणि काय उरलं, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला मी अजूनही फार शिकलेली नाही.

सध्या मी तुमसरला एका शाळेत विज्ञान शिकवते, रोज जाऊन-येऊन. उशीर होणार असला की घरी फोन करते. माय पहिला प्रश्न तोच विचारते, "कुठून बोलून राहिली?" मी सांगते, स्टँडवरून, किंवा गाडीतून. आवाजावरून तिचं समाधान झालं तर ठीक. नाही झालं तर म्हणते, "बाजूले कोण आहे? त्याले दे फोन." पहिल्यांदा तिनं असं म्हटलं तेव्हा मी फोन घेऊन नुसती बसले. आता देते. मागच्या गुरुवारी माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. मी तिच्यापुढे फोन धरला आणि म्हटलं, "बाई, जरा माह्या मायसंग बोला, आपण कुठं आहोत ते सांगा." तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, मग फोन कानाला लावला.

"हो वो बाई," ती ओरडून म्हणाली, गाडीचा आवाज फार होता. "बपेऱ्याच्या गाडीतच आहे तुमची पोरगी. हो, हो. मी पायतो आहे ना तिले."